दगडाला श्वास घेऊ द्या

११ जानेवारी
कायमचं ठरलं. कोरेगावच्या नव्या घरात हॉलला पांढराशुभ्र संगमरवर, होन्ड फिनिश. घासून गुळगुळीत, पण चमक शून्य. चमक ही अडाण्यांची आवड. पुरावा : सांगलीचे साडू नानासो, हळदीचे व्यापारी. त्यांच्याकडे मिरर पॉलिश. खाली बघितलं की स्वतःच्याच नाकपुड्या दिसतात. दिवाळीत चारचौघांत मला म्हणाले, गुरुजी, चपला भायेर, फरशीला चरे पडत्यात.
विसरलेलो नाही.

१३ जानेवारी
फरशीवाला मोहिद्दीन मिस्त्री उद्धट आहे. म्हणाला, सर, होन्ड नको, त्यात दगडाची तोंडं उघडी राहत्यात, हळद-तेल लगेच पिऊन टाकतो. लेदर फिनिश करू. जरा खरबरीत, डाग लपतो, तुमच्या आई घसरणार न्हाईत.
मी सव्वीस वर्षं अकरावीला भूगोल शिकवतो. खडकांचे गुणधर्म मला कटर चालवणाऱ्याने सांगू नयेत. तसं स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, बरं सर. 'सर' कुठल्या सुरात म्हणाला ते लक्षात ठेवलंय.

१९ जानेवारी
पल्लवी म्हणते, माझ्या दाजींचा राग फरशीवर कशाला काढताय? बायकोला सौंदर्यदृष्टी नाही. लग्न झालं तेव्हाच कळायला हवं होतं.

२ फेब्रुवारी
मिस्त्री आता सीलर मारायचा म्हणतो. म्हणजे दगडाची तोंडं बंद करणारं औषध. नकार दिला. इंटरनेटवर एका इटालियन माणसाने लिहिलंय, दगडाला श्वास घेऊ द्या. मिस्त्री म्हणाला, श्वास घेईल सर, पण नाकात हळद जाईल.
पुढच्या कामाला दुसरा मिस्त्री बघायचा.

९ फेब्रुवारी
माणला जाऊन आलो. आई ऐंशीची, गावी एकटी, दोनदा पडली. घर तिच्यासाठीच बांधलं, असं मी सगळ्यांना सांगतो. बरंचसं खरंही आहे. बॅग भर म्हटलं. म्हणाली, आदी बिरदेव यील, ढोल वाजंल, भंडारा उधळंल, मग मी यीन. बिनभंडाऱ्याच्या घरात मी पानी प्येत न्हाई.
बिरदेव आमचं कुलदैवत, भंडारा म्हणजे त्याची हळद. उधळायची. माझ्या हॉलमध्ये.

१० फेब्रुवारी
तोडगा काढला. हॉलभर प्लास्टिक. वाटीत चिमूटभर भंडारा. उधळणाऱ्याने दोन बोटांनी, गुडघ्याच्या खाली, एकदाच उधळायचा. सूचना टाइप करून दारावर लावणार. शिस्त असली की परंपराही टिकते, फरशीही टिकते.

२२ फेब्रुवारी, दुपारी दोन
वास्तुशांत. सूचना ढोलवाल्यांनी वाचल्या नाहीत. आईने प्लास्टिक बघितलं आणि उंबऱ्यातच थांबली. म्हणाली, द्येवाच्या पायाखाली कागुद आंथरलायस व्हय रं? चार जणांनी प्लास्टिक गुंडाळून अंगणात फेकलं. त्या चौघांत पल्लवी होती.

त्याच दिवशी, सायंकाळी
नानासोंनी आहेर म्हणून हळदीचं अख्खं पोतं आणलं. सांगली पेठेतली, एक नंबर. म्हणाले, चिमटीनं काय उधळताय गुरुजी, द्येव काय तुमचा विद्यार्थी हाय का? पहिली ओंजळ त्यांचीच. मग तास-दीड तास ढोलाच्या तालावर धनगरी गजी नाच चालला. घामाच्या पावलांनी हळद दगडात मळली.
दगडाने खोल श्वास घेतला.
आई जमिनीवर बसली, फरशीवरून हात फिरवला, पाणी प्यायली. म्हणाली, आता घर वाटतंय.
मला ते ऐकू आलं. पण माझं लक्ष खिडकीखालच्या चौथ्या लादीवरच्या पिवळ्या डागाकडे होतं.

२३ फेब्रुवारी
वॉशिंग पावडरने घासलं. हळद लाल झाली. हॉल आता खाटकाच्या दुकानासारखा दिसतो. मिस्त्रीला फोन लावला. त्याने आधी मनसोक्त हसून घेतलं. मग म्हणाला, सर, काही करू नका, हात लावू नका.
आळशी माणसाचा सल्ला.

२४ फेब्रुवारी, पहाटे
सगळे झोपलेले. संडासाचं ॲसिड आणलं. ओतलं. फसफसलं.
चुनखडीवर, संगमरवरावर आम्ल टाकलं की फसफसतं. दरवर्षी वर्गात करून दाखवतो. मुलं टाळ्या वाजवतात.
इथे कोणी वाजवल्या नाहीत. पण मी थांबलोही नाही. अर्धवट सोडणारा माझा स्वभाव नाही. हॉल जवळजवळ पूर्ण केला.

त्याच दिवशी, सकाळी नऊ
आई दारात उभी होती, किती वेळ ते माहीत नाही. एवढंच म्हणाली, द्येवावर संडासाचं आवशिद वतलंस व्हय रं अमृत. पिशवी भरली. पल्लवी तिला स्टँडवर सोडून आली. माझ्याशी बोलत नाहीत. दोघीही.
फरशी : खड्डे, पांढरे फुटाणे, मध्ये गुलाबी रेघा.

१ मार्च
मिस्त्री येऊन बघून गेला. म्हणाला, हळद उन्हाला टिकत न्हाई सर. खिडक्या उघड्या टाकल्या असत्या तर महिन्याभरात निम्मीशिम्मी आपोआप उडाली असती. म्हणून म्हटलं, हात लावू नका. आता सगळं घासून लेदर करावं लागंल.
हे त्याने आधी नीट समजावून सांगायला हवं होतं. व्यावसायिक नीतिमत्ता नाहीच.

५ मार्च
आईला फोन. सतरा वेळा. अठराव्यांदा उचलला. विचारलं, कधी येतेस? ती म्हणाली, भंडारा हाय का कुटं घरात, का समदा धुतलास? मी धावत हॉलमध्ये गेलो. खिडकीखाली, चौथ्या लादीवर, तळहाताएवढा पिवळा डाग राहिलाय. पावडरची लाली तिथे पाण्याने उतरली होती आणि ॲसिड तिथपर्यंत पुरलं नव्हतं. म्हटलं, आहे आई, मुद्दाम ठेवलाय.
ती म्हणाली, पाडव्याला यीन. त्यो दिसला तर टेकीन, न्हाईतर त्याच यष्टीनं माघारी.

८ मार्च
डाग परवापेक्षा फिकट. सकाळी नऊ ते साडेअकरा त्याच्यावर थेट ऊन येतं. पूर्वेची खिडकी मोठी हवी, हा आग्रह माझाच. मिस्त्रीने तेव्हा लहान सांगितली होती.

९ मार्च
हॉलला जाड पडदे लावले. गडद निळे, दुहेरी. डागावर लोखंडी पाटी उलटी ठेवली. दिवाही लावू देत नाही.
नानासो फरशी बघायला आले होते. म्हणाले, गुरुजी, काय दिसंना.
चाचपडत आत आले. चपला घालूनच. मी पडद्याची फट तेवढी बंद केली.