रोगट पानांचे फोटो

ता. ४ मे

चि. सौ. माईस, बाबांचे अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. फोनवर बोललेलंही कुठे नोंदलं जातं की काय, या धास्तीने कागद घेतला.

बियाण्यासाठी कर्ज मागायला बँकेत गेलो होतो. पिकावर रोग दिसला की शेतीसल्ल्याच्या ॲपवर मी दोन वर्षं फोटो पाठवतो, तुला ठाऊक आहेच. तुझी आई म्हणते, लग्नात माझा एक धड फोटो काढला नाहीत, पानांचे मात्र शेकडो. आता तेच ॲप बँकेला शेताची माहिती पुरवतं. बँकेतल्या बाईंनी पाणी दिलं, स्क्रीन माझ्याकडे वळवली. सगळी माझीच पानं, पिवळी, कुरतडलेली, करपलेली. खाली शेरा, शेत रोगट. अगं, डॉक्टरला दुखरा हातच दाखवतात ना? मी वीस वर्षांच्या कर्जफेडीच्या पावत्या पुढे केल्या. त्या म्हणाल्या, काका, यात पावत्या दिसत नाहीत. पेरणीला महिना उरलाय. जीव थाऱ्यावर नाही.

तुझे बाबा

ता. १२ मे

ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

पत्र वाचलं आणि शिलाई मशीनवर हात चालेना. कारखान्यात रजा नाही, नाहीतर धावत आले असते. बँकेतल्या बाईंना फोन केला. हिरव्या पिकाचे फोटो आले तर शेरा बदलतो म्हणाल्या. तेव्हा रोज हिरवेगार फोटो पाठवा. एखादा आईचाही काढा, रुसवा जाईल. लेकीवर माया असू द्या.

तुमची माई

ता. २ जून

चि. सौ. माईस आशीर्वाद.

माझं शेत नांगरून मोकळं, हिरवं कुठून आणू? शेजारी माझ्या चुलतभावाचा भाजीचा मळा उभा होता. हवे तेवढे काढ, असं तोच म्हणाला. मी वीस काढले आणि माझ्या शेताचे म्हणून पाठवले. फोटो कुठे काढला ती जागा ॲपला कळते, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. माझ्या नावापुढे आता खोटी माहिती असा शेरा आहे.

माझं शेत यंदा पडीक राहील, ते मी गिळलं असतं. पण एकच मळा दोघांच्या नावावर दिसला म्हणून त्याचंही मंजूर झालेलं कर्ज अडकलं. बाईंनी तक्रार वर पाठवली, उत्तर नाही.  

काल चुलतभावाने बियाण्याच्या पैशासाठी दुभती गाय विकली. तुझ्या आईला यातलं काही माहीत नाही. भाऊजींनी गाय का विकली, असं ती सकाळपासून मला विचारते आहे. तिला काय सांगू, ते लवकर कळव.

बाबा