मेजरची शिकवण आणि माझा उंबरठा

करंजाडे, पनवेल
नोव्हेंबर २०१२

आदरणीय तोवाताईस,

धाकट्या इनॉकचा शालोम. तुझे गुडघे जिना चढू देतात का? भावोजींचा खोकला इस्राएलात, अश्दोदच्या समुद्रवाऱ्याने पळाला, की तिथेच मुक्काम ठोकून बसला? आम्ही दोघं धड आहोत. गेल्या रविवारी मात्र हा शब्द वापरता येईल की नाही, अशी परिस्थिती होती.

गुरू निष्कलंक असावा, हे माझं मत तुला ठाऊक आहे. या विषयावर मी वाचनालयात बोललो, लोकांच्या लग्नांत बोललो, सोसायटीने पाण्याच्या टाकीसाठी बोलावलेल्या सभेतही बोललो (टाकी अजून गळते). त्याच ओघात शहरी माणसाने रानाकडे वळावं, असंही म्हणून गेलो. ते झिल्पाने मनावर घेतलं. इतक्या वर्षांच्या संसारानंतर बायको आपलं भाषण ऐकत असेल, असं कोणाला वाटतं? पण तिने प्रबळगडाच्या पायथ्याशी, रानात जीव कसा वाचवावा हे शिकवणाऱ्या शिबिरात आम्हा दोघांची नावं घातली.

शिकवणारे दोन. एक मेजर घोसाळकर. हा गृहस्थ लष्करात कधीच नव्हता. शाळेत कवायत घेता घेता मेजरपद त्याने स्वतःच स्वतःला बहाल केलं. रानात डबा आणायचा नाही, हा त्याचा नियम, आणि तंबूमागे उभं राहून चकल्या खाताना मी त्याला डोळ्यांनी पाहिलं. दुसरी सत्यवतीबाई, त्याची घटस्फोटित बायको. ही तळहातावर तंबाखू मळत मळत आम्हाला विषारी पाला ओळखायला शिकवते. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, शिष्यांमार्फत बोलतात. बाई म्हणते, "त्यांना सांगा, हा पाला गुरंसुद्धा खात नाहीत." मेजर म्हणतो, "त्यांना सांगा, गुरांना पर्याय असतो, मला नव्हता." खारघरच्या टॉवरमधून आलेली कॉम्प्युटरवाली मंडळी हे सगळं वहीत उतरवून घेत होती.

ताई, मी गप्प बसणारा माणूस नाही. दुपारी एका खडकावर चढून मी दोघांच्या तोंडावर सांगितलं की ज्यांना स्वतःचं घर तगवता आलं नाही, त्यांनी जगाला तगायला शिकवू नये, आणि अशी माणसं माझा उंबरठा ओलांडणार नाहीत. टाळ्या पडल्या (मेजरनेही वाजवल्या, त्याला ते त्याच्या बायकोबद्दल वाटलं). मग झिल्पाला घेऊन मी बाणेदारपणे शिबिर सोडलं आणि अर्ध्या तासात आम्ही वाट चुकलो.

सकाळी मेजरने सांगितलं होतं: हरवलात तर चालू नका, बोलू नका, जागच्या जागी बसा आणि ऐका. पण खोटारड्याचा नियम पाळणं म्हणजे खोटेपणाला मान देणं. म्हणून मी तत्त्वाखातर चालत राहिलो, आणि तत्त्व समजावून देण्याखातर बोलत राहिलो. मोबाइलला रेंज नव्हती. ऊन उतरलं. झिल्पाला साखरेचा त्रास आहे, तुला माहीत आहे. डबा न आणण्याचा नियम तेवढा आम्ही पाळला होता. तिचे हात थरथरू लागले, कपाळावर गार घाम आला. ती खाली बसली आणि म्हणाली, "तुम्ही तत्त्व घेऊन पुढे व्हा. मी इथेच आहे."

मग तिने डोळे मिटून आपल्या एलियाहू हन्नबी प्रेषिताला मलिद्याचा नवस बोलला. सुखरूप सुटलो तर पोहे, गूळ, ओल्या नारळाचा मलिदा करीन, आणि जो कोणी आम्हाला वाचवील त्याला आपल्या घरी बसवून वाढीन. ताई, आयुष्यात पहिल्यांदा मी गप्प बसलो, आणि म्हणून ऐकू आलं. उजवीकडच्या उतारावर कोणी तरी मध्यस्थाशिवाय भांडत होतं. "कढई माझ्या आईची होती." "कढई लग्नात आली, लग्नाबरोबर गेली." त्या आवाजाच्या रोखाने मी हाका मारल्या. आम्ही परतलो नाही हे कळताच दोघं आमच्या शोधात निघाले होते. सत्यवतीबाईने तंबाखूच्या बटव्यातला गूळ झिल्पाच्या तोंडात घातला. ती सावरल्यावर मेजरने तिला पाठीवर घेऊन खाली आणलं. आधी कोणाला दिसलो यावरून भांडण चालूच होतं. ते चार घरांत ऐकू जाईल अशा आवाजात भांडले नसते, तर हे पत्र तुला दुसऱ्या कोणी लिहिलं असतं.

तर शिकवण घ्यावी आणि शिकवणाऱ्याचे दोष त्याच्यापाशीच राहू द्यावेत, हे मला आता मान्य आहे. फक्त ते जाहीरपणे मान्य करणं अवघड आहे.

तुझा,
इनॉक

ता. क. नवस फेडायचा तर त्या दोघांना घरी बोलवावं लागणार, आणि मी खडकावरून शब्द देऊन बसलोय. तू मोठी बहीण. "माझी आज्ञा आहे, दोघांना बोलाव," एवढ्या चार ओळी कडक भाषेत लिहून पाठव. आज्ञा पाळण्यात तत्त्व मोडत नाही. पत्र लवकर येऊ दे, सोसायटीत वाचून दाखवायचं आहे.

ता. क. वन्सं, मी झिल्पा. आज्ञा पाठवायची तसदी घेऊ नका. मलिदा काल झाला. दोघंही आले, आणि ह्यांनीच दारात जाऊन त्यांचे हात धरून आत आणलं. जेवताना दोघांच्या मध्ये ह्यांना बसवलं होतं. त्यांचे निरोप इकडून तिकडे पोचवता पोचवता ह्यांना स्वतःचं असं एक वाक्य बोलता आलं नाही. पुढच्या शनिवारी मी त्यांना पुन्हा जेवायला बोलावलं आहे.