निर्जलानंदांचा बहार

बारामती,
२ फेब्रुवारी २०२५

ती. सरुआत्या, ती. तात्या, चि. गोकुळ आणि तुमच्या ओसरीवर बसून हे पत्र ऐकणारी कळंबची सगळी वस्ती यांस वैदेहीचा सा. न. वि. वि.

फोन केला की तात्या तो स्पीकरवर टाकतात आणि माझ्यापेक्षा शेजारीच जास्त बोलतात. म्हणून हे पत्र, गोकुळ बाजाराला आला होता त्याच्याबरोबर, पेरूच्या रिकाम्या क्रेटमधून.

मंडळी, आपणा सर्वांचं दुखणं एकच आहे. निर्जलानंद महाराजांनी आपलीच अक्कल आपल्याला प्रसाद म्हणून वाटली, आणि फसलो हे सांगायची लाज वाटते म्हणून आपण सारे गप्प आहोत. डाळिंबाचा बहार कसा धरायचा हे मला तात्यांनीच शिकवलं. झाडाचं पाणी तोडून ताण द्यायचा, पानं गळू द्यायची, मग पाणी सोडलं की झाड फुलांनी लगडतं. कळंबात हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. मग महाराजांनी डोळे मिटून ‘पाणी तोडा, बहार येईल’ म्हटल्यावर त्याचा चमत्कार कसा झाला? उद्या ते म्हणतील, सूर्य पूर्वेला उगवेल, आणि तात्या नारळ फोडतील!

इथवर हसून सोडलं असतं. पण नंतर ते म्हणाले, देह हेसुद्धा झाडच, औषध तोडा, आरोग्याचा बहार येईल. नरसिंहपूरच्या हिंदुरावांच्या भावानं हृदयाच्या गोळ्या सोडल्या आणि तो अंथरुणाला खिळला. हिंदुरावांनी फिर्याद दिली आणि महाराज इंदापुरात कोठडीत गेले. आता जामिनाची धडपड चालली आहे, आणि हिंदुरावांशिवाय तोंड उघडायला कुणी तयार नाही. आत्या, मधुमेहाच्या गोळ्या सोडून तू दिवाळीत भोवळ येऊन पडलीस. पायाचा अंगठा अजून भरत नाही. तू गोळी सुरू कर आणि ठाण्यात जाऊन जबाब दे.

माझ्या आईकडे बघ. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, आणि रक्तदाबाची गोळी आजही घड्याळ लावून घेते. मी प्रत्येक भाषणात तिचा दाखला देते.

लोभ आहेच, तो पाण्याबरोबर गोळी घेऊन वाढवावा.

तुझी
वैदेही

*

कळंब,
५ फेब्रुवारी

चि. वैदेहीस सरुआत्याचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पावलं. गोकुळनं ओसरीवर उभं राहून वाचलं. तुझं लिहिणं बी माइकवर बोलल्यावानी हाय, ऐकून म्हशीनं पान्हा चोरला. तात्या नारळावरनं रुसलेत. म्हणत्यात, पोरीला बहार धरायला शिकवलं हीच माझी चूक झाली.

पर बाई, तू म्हणतीस तसं सोपं न्हाय. बाग आत्ता फुलावर हाय. महाराजांनी भर सभेत सांगितलंय, जो ताण मधीच मोडंल त्याच्या घरचा बहार गळंल. माझ्या गोकुळची बाग लागोपाठ तेल्या रोगानं गेली. औंदा कुठं झाडं लाल दिसाया लागल्यात. मी गोळी गिळायची आन तिकडं फुलं गळायची, मग माझ्या सुनंला मोनाला मी काय तोंड दावू? माझा अंगठा मला एकटीला दुखतोय. बाग गेली तर समदं घर दुखंल.

मठातला विजयसिंह बी येऊन गेला. महाराजांचा लाडका चेला, बुलेटवर फिरतो. म्हणाला, जबाब दिलासा तर महाराजांचा कोप हुईल, आन त्याआधी माझा हुईल. तात्यांनी त्येला साखर घालून चहा दिला. मी बिनसाखरेचा पिले. एवढं पथ्य माझं अजून हाय, हे तुझ्या भाषणात सांग.

आन वहिनीचा दाखला सारखा देत जाऊ नको. माणसाच्या पोटात काय असतं ते शाळेच्या चित्रात दिसत न्हाय. तिची तब्येत तेवढी कळव.

माया हाय, ओरडलीस तरी ऱ्हाईल.

तुझी
सरुआत्या

*

बारामती,
७ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मला राग आला, मग रडू आलं, मग मी गाडी काढून इंदापूरच्या कोर्टात जाऊन बसले. जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहिते. गोकुळला ओसरीवर मोठ्यानं वाचायला सांग.

महाराजांच्या वकिलांनी भर कोर्टात अर्ज दिला. महाराजांना फार जुना मधुमेह आहे, ते रोज दोन वेळा न चुकता गोळी घेतात, ती चुकली तर जिवाला धोका आहे, म्हणून कोठडीत गोळ्या मिळाव्यात आणि पथ्याचं जेवणही. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला आणि विचारलं की महाराज भक्तांना औषध तोडायला सांगतात, त्यांच्या स्वतःच्या ताणाचं काय? वकील म्हणाले की महाराजांचा बहार येऊन गेलेला आहे. मागच्या बाकावरचे भक्त ‘जय हो’ म्हणाले. अर्ज मंजूर झाला, आणि तो व्हायलाच हवा, कारण औषधावर हक्क सगळ्यांचा आहे. आत्या, तुझासुद्धा!

घरी येऊन हे आईला सांगितलं तर तिच्या हातातलं ताट पडलं. म्हणाली, घामानं हातातून निसटलं. फेब्रुवारीत! हल्ली तिला सारखी चक्कर येते. डॉक्टरांनी गोळीचा डोस वाढवलाय, तरी रक्तदाब खाली येत नाही. वर गॅलरीतली तुळस वाळली, तेही तिनं जिवाला लावून घेतलंय. सकाळ-संध्याकाळ कुंडीपाशीच असते बिचारी.

माझा घसा मात्र उत्तम. मागच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी भाषणं बंद म्हणून सांगितलं होतं, आठवतं? आता आवाज पुन्हा शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. मी व्याख्यानाला निघाले की आई हात जोडून उभी राहते. लेकीचं एवढं कौतुक!

जामिनाचा निकाल गुरुवारी आहे. त्याआधी कुणी बोललं नाही तर महाराज हार घालून मिरवणुकीनं मठात जातील. विचार कर.

रागावलीस तरी चालेल, पण लोभ ताणावर ठेवू नकोस.

तुझी
वैदेही

*

कळंब,
१० फेब्रुवारी

चि. वैदेहीस आत्याचे आशीर्वाद, आन तात्यांचे बी. रुसवा गेला.

कोर्टातलं ऐकलं आन टाळकं सरकलं. मला ताण आन त्येला गोळी! तशीच उठले, फडताळातला डबा काढला आन समद्यांच्या देखत गोळी गिळली. समदी बागंकडं तोंड करून बसली, जणू वरात यायची हाय.

सकाळी बघतो तर बांधाकडंची दोन झाडं पार उघडी. तात्यांनी कपाळाला हात लावला, म्हणाले, लागला शाप. मोना बांधापलीकडनं वरडली, आवं, शाप हितं रवंथ करतोय! म्हशीनं दावं तोडलं व्हतं आन तिच्या तोंडात फुलं व्हती. बाकीची बाग जागच्या जागी हाय, लालभडक. म्हशीचं नाव आता निर्जला ठेवलंय.

डॉक्टरकडं जाऊन आले. त्यो लई बोलला, तुझ्यापरीस जरा कमी. अंगठा वाचंल म्हणतोय. विजयसिंह परत आला व्हता. तात्यांनी चहा दिला न्हाय, म्हशीचं तुटकं दावं हातात घेऊन नुसतं बसले. बुलेट लगीच सुरू झाली.

आता जबाबाचं. मी देती. पर एकटी देणार न्हाय. तुला वाटत असंल, अडाणी आत्या कळंबातनं उठून मठात गेली. अगं, मला तितं नेलं कुणी? तुझ्या आईनं. तुमच्याच गाडीतनं. तू त्या दिवशी पुण्याला भाषणाला गेली व्हतीस, अंधश्रद्धेवर.

आमी दोघींनी बरोबर ताण धरला. तिच्या गोळ्या तुळशीच्या कुंडीत हाईत, उकरून बघ. डॉक्टरनं डोस वाढवला तो तुळशीला वाढला, म्हणून तुळस गेली. वहिनीला स्वतःसाठी काय नको व्हतं. तुझा घसा बसला, डॉक्टर म्हणाला आवाज कायमचा जाईल, तवा तिनं महाराजांपुढं पदर पसरला. तुझा आवाज तुझ्या औषधानं आला. पर तिच्या मनानं धरलंय, तिच्या ताणानं आला, आन तिनं गोळी घेतली की तू परत मुकी व्हशील. मला बागंचं भ्याव, तिला तुझं. म्हणून तू माइकपुढं तिचा दाखला देतीस, आन ती घरी देवापुढं बसून चक्कर खाती.

वहिनीनं घातल्याली शपथ मोडून सांगितलंय. आता तिच्याम्होरं भाषण ठोकू नको. बरं बोलायला तुला येतंच, जरा गप बसायला शिक. तिच्या हातावर गोळी ठेव, तिनं गिळली की पोटभर बोल, म्हंजी तिला ऐकू येईल की आवाज हाय जाग्यावर.

आन बुधवारी सकाळी, गुरुवारच्या आधी, वहिनीला गाडीत घालून इंदापूरच्या ठाण्याच्या दारात घेऊन ये. मी तितंच उभी हाय.

तुमा दोघींची
सरुआत्या