एकमताने मंजूर झालेला एकमेव ठराव

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे खुर्चीत बसूनच घालतो आहे, गोड मानून घे.) तुझा गुडघा, वहिनीचा खोकला आणि आईचं कमी ऐकू येणं, सगळं आहे तसंच असेल असं धरून चालतो. हल्ली आहे तसं राहणं हीच खुशाली.

तू लिहिलंस, रोज सभागृहात बसतोस, तर मदतीचं विधेयक कुठे अडलंय ते तुलाच ठाऊक असणार. दादा, मी तिथे बसतो तो माईकची बटणं दाबायला. अध्यक्ष ज्याला बोलू देतील त्याचा माईक चालू, बाकीचे बंद, एवढीच माझी सत्ता. तरी पाहिलं ते सांगतो. बाजार बसला, तुझ्या फर्निचरच्या कारखान्यासारख्या कितीतरी कारखान्यांना कुलपं लागली, तेव्हा मदत द्यावी ही कल्पना मुळात विरोधकांची. सत्ताधाऱ्यांनी ती हाणून पाडली, कारण ती विरोधकांची. मग मोर्चे निघाले, सत्ताधारी घाबरले आणि तेच विधेयक नवं नाव देऊन घेऊन आले. त्यावर विरोधक म्हणाले, आमचंच लेकरू पळवून आणलंत, आता आम्ही ते जगू देणार नाही. (वाक्य त्यांचंच, माईक मीच चालू केला होता.)

विरोधकांच्या नेत्याला आम्ही आमच्या काचेच्या खोलीत ‘आवंढा’ म्हणतो, कारण प्रत्येक वाक्याआधी ते एक गिळतात. ‘बंद कारखाना’ म्हणजे नेमका कोणता, कुलूप आतून की बाहेरून, यावर ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोलले. उत्तरादाखल सत्ताधाऱ्यांनी त्यांच्या वडिलांचा उद्धार केला. मग घोषणा, मग सभात्याग. मी वायर गुंडाळत बाहेर आलो, तर दोन्हीकडची मंडळी एकाच बशीतली बिस्किटं चहात बुडवत होती. एक सत्ताधारी सभासद आवंढ्यांना म्हणाले, “आज छान अडवलंत.” ते म्हणाले, “मागच्या खेपेला तुम्हीही काही कमी नव्हतात.” तिथे वायर टाकून खाली बसावंसं वाटलं. रागसुद्धा आला नाही, नुसता थकवा आला.

शेवटच्या दिवशी विरोधकांपैकीच सिस्टरबाई उभ्या राहिल्या. (पूर्वी दवाखान्यात नर्स होत्या, आवाज अजून वॉर्डात फिरल्यासारखा.) म्हणाल्या, विधेयक कुणाचं ते नंतर ठरवा, आज मत घ्या, माझ्या भागात लोक घरातली भांडी विकताहेत. त्यांच्या पक्षाच्या प्रतोदांनी लगेच माझ्याकडे पाहून गळ्यावरून बोट फिरवलं, म्हणजे माईक बंद कर. गंमत म्हणजे सत्ताधाऱ्यांच्या प्रतोदांनीही फिरवलं, कारण विधेयक बाईंमुळे मंजूर झालं तर श्रेय बाईंना जाणार. माझ्याकडून बटण दाबलं गेलं नाही. बाई पूर्ण बोलल्या. क्षणभर खरंच वाटलं, आता मत घेतील.

मग दोन्ही नेते एकदम उभे राहिले. बाईंचं भाषण कामकाजातून काढून टाकावं आणि यंत्रणेचा गैरवापर करणाऱ्या माईकवाल्याला कामावरून कमी करावं, असा ठराव आला. कुणी आवंढा गिळला नाही, कुणी सभात्याग केला नाही. अख्ख्या अधिवेशनात एकमताने मंजूर झालेला हा एवढाच ठराव. विधेयक टेबलावर पडून राहिलं आणि अधिवेशन संपलं.

तेव्हा दादा, त्या मदतीची वाट पाहू नकोस. कारागिरांनाही सांगून टाक, त्या आशेवर कुणी मिळालेलं काम नाकारायला नको. हे तुला लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं.

वहिनीला नमस्कार, आईच्या पायांवर डोकं.

तुझा,
धाकटा

ता. क. : कारखान्यामागची पॉलिशची खोली सध्या रिकामीच असेल ना? आम्ही तिघंच आहोत, सामानही थोडकं आहे. सरकारी खोली महिनाअखेरीस सोडायची आहे. वासाची सवय होईल. आईला सांग, सुट्टीवर येतोय.

आणखी एक ता. क. : इथले शेजारी मला शूर म्हणू लागलेत, तू म्हणू नकोस. प्रतोदांची खूण दिसताच बोट बटणावर गेलं होतं. तेवढ्यात बाईंनी उदाहरण म्हणून तुझ्या-माझ्या गावाचं नाव घेतलं. दुसऱ्या कुठल्या गावाचं घेतलं असतं, तर मी दाबलं असतं.