तिसरं दार

४ मार्च, सोमवार
आजपासून सायकल. घर ते लॅब सात किलोमीटर. पुलावर दोनदा उतरलो, पण ते नदीतले समुद्रसिंह बघायला. पोचलो तेव्हा शर्ट पिळून काढावा असा. एर्मेलिंडाबाई एकवीस वर्षं आमच्या लॅबचं काचसामान धुतात. फरशीवरचे माझ्या टायरचे डाग पुसता पुसता म्हणाल्या, डॉक्टर, हात तरी धुवा, नाहीतर ग्लव्ह्ज घाला. मी म्हटलं, ग्लव्ह्जमधून बोटांना काही कळत नाही.
संकल्प: केक पूर्ण बंद.

५ मार्च, मंगळवार
सायकल. आज मोठा दिवस. नीट लिहून ठेवतो.
कर्करोगाच्या गाठीच्या पेशी साखर खातात आणि त्यातून उरलेलं लॅक्टेट बाहेर टाकतात. टाकायला दोन दारं. मेंदूत हीच दारं भल्या कामाची. तिथल्या मदतनीस पेशी न्यूरॉनला लॅक्टेट देतात, शेजारणीनं भिंतीवरून वाटी द्यावी तसं. त्यामुळे दारं सरसकट बंद करता येत नाहीत, मेंदू उपाशी राहील. आज ताटलीतल्या गाठीच्या पेशींची दोन्ही दारं औषधानं बंद केली. तरी बाहेरचं पाणी तपासणीत गुलाबी. म्हणजे लॅक्टेट आलंच.
अर्थ एकच. तिसरं दार आहे, फक्त गाठीला. तेवढं बंद केलं की गाठ गुदमरेल आणि मेंदू जेवत राहील. तीस वर्षं इथे आहे, आत्ता कुठे काही हाती लागलं.
केक. एकच तुकडा, प्रसंग म्हणून.

८ मार्च, शुक्रवार
पाऊस. बसनं गेलो. तिसरं दार दिसलं नाही. नव्या गोष्टी लाजाळू असतात.

११ मार्च, सोमवार
सायकल. दार सताड उघडं. इंग्रिडना सांगितलं. त्या आता आमच्या हेड, एके काळी माझ्या विद्यार्थिनी. म्हणाल्या, रिगोबेर्तो, जूनमध्ये कॉन्सेप्सिओनच्या परिषदेत तुम्हीच बोला. पण आधी ताटलीतले रिकामे खळगे तपासा, पेशी न घालता. करतो म्हटलं. भाषणाचं पहिलं वाक्य तयार केलं.

१३ मार्च, बुधवार
सायकल. पुलावर न उतरता. रिकाम्या खळग्यांतही गुलाबी. पेशीच नाहीत तर लॅक्टेट आलं कुठून? दोन तास डोकं खाजवलं. मग उलगडलं: ताटल्या नीट धुतलेल्या नाहीत. बाईंचं वय झालंय. इंग्रिडना ईमेल केली, अगदी सौम्य भाषेत. 'निष्काळजीपणा' हा शब्द फक्त दोनदा. पारदर्शकता हवी म्हणून लॅबमधल्या अकराही जणांना प्रत.

१५ मार्च, शुक्रवार
बस, सायकल पंक्चर. बाईंना तळघरातल्या भांडारात हलवलं. आपला चहाचा मग तेवढा घेऊन गेल्या. जरा वाईट वाटलं. वाईट वाटलं म्हणून केक, दोन तुकडे.

१८ मार्च, सोमवार
सायकल. नव्या, पाकीटबंद ताटल्या मागवल्या होत्या. मीच फोडल्या. रिकामे खळगे गुलाबी. म्हणजे बाईंच्या धुण्याचा प्रश्न नव्हता. इंग्रिडना कळवायला हवं. उद्या कळवतो.

१९ मार्च, मंगळवार
बस. भाषणात गुंतलो होतो. उद्या नक्की.

२० मार्च, बुधवार
सायकल. इंग्रिडनी बोलावलं. टेबलावर बाईंचं धुण्याचं रजिस्टर. शेऱ्याच्या रकान्यात बाईंचं गोल अक्षर: 'डॉक्टर सायकलने आले. फरशी दोनदा पुसली.' ५ तारीख, ११, १३. शेजारी माझे निकाल. गुलाबी तारखा त्याच.
इंग्रिडनी एका खळग्यात शुद्ध पाणी घातलं आणि म्हणाल्या, बोट बुडवा. बुडवलं. रसायन टाकलं. इतका गडद गुलाबी रंग माझ्या एकाही गाठीनं दिला नव्हता.
घामात लॅक्टेट असतं. हे मी दर वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. परीक्षेतही विचारतो.
इंग्रिड म्हणाल्या, परिषदेतलं तुमचं नाव मी काढते. बाईंशी मात्र तुम्हीच बोला, ते मी करणार नाही.

२१ मार्च, गुरुवार
बस. अख्खा केक घेऊन तळघरात गेलो. बाई फडताळं पुसत होत्या. तळघरातल्या हवेबद्दल बराच वेळ बोललो. शेवटी म्हटलं, चूक माझी होती. त्यांनी विचारलं, ती ईमेल किती जणांना गेली होती? अकरा, म्हटलं. मग त्या अकरांनाही सांगा की, म्हणाल्या, आणि पुढचं फडताळ पुसायला घेतलं. केक घेतला नाही.
वर येऊन लिहायला बसलो. चार मसुदे झाले. प्रत्येकात 'प्रयोगाच्या परिस्थितीमुळे' येतंच. माझीच मला लाज वाटली. मग ही डायरी उघडली. पहिल्याच पानावर, माझ्याच अक्षरात: डॉक्टर, हात तरी धुवा, नाहीतर ग्लव्ह्ज घाला.
तेवढंच उतरवून काढलं. खाली लिहिलं: बाईंनी हे ४ मार्चला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, आणि दोष त्यांच्यावर ढकलला.
पाठवायच्या बटणावर बोट ठेवलं तेव्हा ते घामानं भिजलं होतं. आज सायकल चालवली नव्हती.