हो नाही, नाहीही नाही

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

जेवतोस ना वेळेवर? चर्चची बँक बुडाली आणि तिचा खजिनदार फादर तू, म्हणून सगळी गल्ली तुझ्या नावाने बोटं मोडते आहे. बेकरीवाला म्हणाला, फादरांना आधीच ठाऊक होतं. मी त्याला चांगलं झाडलं, पण शिवायला बसले तरी डोक्यात तेच. दुकानासाठी साठवलेलं मी तुझ्याच शब्दावर तिथे ठेवलं. गेलं ते गेलं. पण गेल्या वर्षी काढून घेऊ का विचारलं, तेव्हा तू नुसता चहा ढवळत बसलास. तुला ठाऊक होतं का? हो की नाही, एवढंच कळव.

चिडलेली, तरी तुझीच,
ताई

ता. ११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

स्वेटर पोचला, खिशातल्या खोकल्याच्या गोळ्याही. चिडलेलं माणूस असं करतं होय? बँकेच्या कागदांवर सह्या माझ्या, तिचा मॅनेजरही भला माणूस म्हणून मीच आणला, हे चौकशीत कबूल केलं. बिशपांनी खजिनदारी काढून घेतली, बरंच झालं. तुझ्या प्रश्नाला मात्र हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. आई गेल्यावर तूच वाढवलंस, ते उपकार फिटायचे नाहीत. आता घरात घेशील ना, एवढीच धास्ती आहे.

उरला असेल तेवढा लोभ राहू दे.
तुझा धाकटा

ता. १५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र आधी फाडायलाच घेतलं होतं. मग आठवलं, तो मॅनेजर दर शनिवारी पापांची कबुली द्यायला तुझ्यापुढे गुडघे टेकायचा. तिथे ऐकलेलं फादरला कुणाला सांगता येत नाही, त्यावरून सख्ख्या बहिणीला सावधही करता येत नाही. तो काय बोलला, बोलला की नाही, मी विचारणार नाही. तूही सांगू नकोस.

आमचे हे गेल्यावर मीही तुझ्यापुढेच गुडघे टेकले होते. जे आईलाही सांगितलं नसतं, ते तुला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तू जेवायला आलास, दोनदा वाढून घेतलंस, माझ्या शिवणाची थट्टा केलीस. डोळ्यांतसुद्धा काही दिसू दिलं नाहीस, आजपर्यंत नाही. अरे, तुझ्या त्या गप्प राहण्यावर मी मान वर करून जगले. त्याच्यापायी दुकान गेलं असेल, तर महाग नाही पडलं बाबा.

रविवारी ये. मागच्या दाराने नको, बेकरीवाल्यासमोरून ये. मी पायरीवर उभी असेन.

पोटभर आशीर्वाद.
ताई