तिसऱ्या हाकेला ओ

मंगळवार, ४ तारीख

हजर झालो! वादळ जाऊन चार दिवस झाले तरी सखल भागात अजून कंबरभर पाणी आहे, आणि मला मात्र छापखान्याच्या माडीवरची खोली मिळाली, कोरडी ठणठणीत. मालक बायकामुलांना घेऊन नातेवाइकांकडे गेलाय. म्हणजे मी आयत्या बिळावरचा नागोबा. खाली कागदाचे गठ्ठे भिजून इतके फुगलेत की छपाईची यंत्रं त्यांच्यात रुतून बसलीत. माझं दारही ओलीनं फुगलंय, खांदा लावल्याशिवाय हलत नाही. जिना बाहेरून आहे, रस्त्यावरून सरळ वर.

पूरग्रस्तांच्या मदत कचेरीचं काम, पंधरा दिवसांचं. सोबतीला एक रंगारी दिलाय; आवाजामुळे सगळे त्याला भोंगा म्हणतात. बंद घरापुढे उभं राहायचं, ‘घरात कोणी आहे का?’ अशी हाक मारायची, वीसपर्यंत मोजायचं, पुन्हा हाक. अशा तीन. तिसरीलाही ओ आली नाही तर दारावर पांढरा गोल. गोल म्हणजे रिकामं घर. तिथं मग ना होडी थांबते, ना जेवणाचं पाकीट जातं. मोजण्यात चोरी करायची नाही, असं भोंग्यानं बजावलं. मी म्हटलं, वीसपर्यंत मला पहिलीपासून पाठ आहे. पोट धरून हसला.

गुरुवार, ६

भोंगा तापानं फणफणलाय. एकटाच गेलो. पाणी गुडघ्यापर्यंत उतरलंय. एक्केचाळीस घरं केली, घसा बसला, बुटात चिखल जाऊन टाच सोलली. शेवटच्या गल्लीत शेवटचं हिरवं दार. एकच हाक मारली आणि गोल काढला. कुणाच्या बापाला कळणार?

गोल मात्र सुरेख आला.

शुक्रवार, ७

आज एक बाई कचेरीत आल्या, परगावाहून. त्या हिरव्या दाराच्या घरात त्यांची आई एकटी राहते. शेजारी म्हणतात तिला दुसऱ्या शेजाऱ्यांनी नेलं, दुसरे म्हणतात पहिल्यांनी. दारावर गोल दिसला म्हणून विचारायला आल्या होत्या. तीन हाका मारल्या होत्या ना, असं त्यांनी मला विचारलं.

मी हो म्हणालो. वीस-वीस मोजून, असंही वर जोडलं.

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. म्हणाल्या, मग आई तिथं नाहीच. तिचं ठरलेलं आहे. पहिल्या हाकेला ऐकू आलं की नाही याचा विचार करते, दुसरीला काठी शोधते, तिसरीला ओ देते. कधी चुकत नाही. माझे आभार मानले आणि छावण्या शोधायला गेल्या.

मी त्यांच्यामागे धावायला हवं होतं. साहेब समोर बसले होते, चार लोक बघत होते, जीभ रेटली नाही. संध्याकाळी गुपचूप जाऊन बघून येऊ असं ठरवलं. मग वाटलं, मला त्या दाराशी कोणी पाहिलं तर? गेलो नाही. हे लिहितानाही लाज वाटते आहे.

शनिवार, ८

आजही गेलो नाही. टाच दुखते, असं सांगितलं सगळ्यांना.

रविवार, ९

म्हातारी सापडली. गाळ काढणाऱ्यांनी दार फोडलं. वरच्या खोलीतून ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत उतरली होती. हातात काठी, तोंड दाराकडे. डॉक्टर म्हणाले, काल सकाळपर्यंत जिवंत असावी.

काल सकाळपर्यंत.

लेक रडली नाही. माझ्याकडे आली आणि म्हणाली, तुम्ही तुमचं काम केलंत, आईनंच ओ दिली नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मान हलवली मी. हलवली!

सोमवार, १०

भरदुपारी खालून हाक आली. घरात कोणी आहे का?

बाईचा आवाज, थकलेला. वाटलं लेकच आली. खरं कळलं असेल. श्वास रोखून कॉटवर पडून राहिलो. नकळत मोजत होतो. वीस झाले. दुसरी हाक आली नाही.

नंतर दार रेटून बाहेर पाहिलं. जिन्यावर खालच्या तीन पायऱ्यांवर एक-एक ओला ठसा, रुपयाएवढा, गोल. काठी टेकवल्यावर उमटतो तसा.

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

मंगळवार, ११

धरण भरलंय, दरवाजे उघडणार. खालचा भाग उद्या होड्यांनी रिकामा करायचा आहे. भोंगा बरा होऊन आलाय. सगळ्यांदेखत सांगत होता, आपला माणूस वीसच्या जागी पंचवीस मोजतो, त्यानं गोल काढला की डोळे मिटून पुढं जावं. मी साहेबांच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. काही सांगायचंय का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो.

परत आलो. खोलीत पाऊल टाकलं आणि मागून दुसरी हाक. जिन्याच्या मध्यावरून. मी दार ओढून घेतलं. ओ दिली असती तर म्हातारीनं विचारलं असतं ना— दुसरी, तिसरी का नाही मारलीस—

मग वर येणारी काठी. एक पायरी. थांबली.

बुधवार, १२. सकाळ

पाणी चढतंय. छापखाना बुडाला. दार फुगून घट्ट बसलंय, खांदा सुजला तरी हलत नाही. खिडकीला गज.

आज मी ओ देणार. आणि सांगणार. एकच हाक मारली मी, आजी, एकच. मला लाज वाटते. सगळ्यांना सांगेन—

काठी दारापाशी आली.

घरात कोणी आहे का?

दिली ओ. दिली! तोंड उघडलं, आवाज नाही. ती मोजते आहे. सावकाश. चोरी न करता. अकरा— दारावर थापा मारतोय, थापांचाही आवाज नाही— सतरा—

वीस.

बाहेरून ब्रश फिरतोय. फळीवर, गोल. हा आवाज मी एक्केचाळीस वेळा—

होडी! भोंग्याचा आवाज, खाली, अगदी खिडकीखाली. म्हणतोय गोल आहे. म्हणतोय आपल्याच माणसाचा हात दिसतोय, सुरेख काढलाय, तो आधीच गेला असेल, चला पुढं—

भोंग्या, मोज रे. एकदा हाक मार. मी आहे. मी आ